देशासाठी आणि सैन्यासाठी प्रार्थनासभा : पाचपैकी साडेतीन तारे

चिठ्ठ्या नसत्या तर दोनवरच थांबले असते.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या घरात टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि आईचे गुडघे जास्त दुखायला लागतात. त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीने शुक्रवारी संध्याकाळी खास प्रार्थनासभा ठेवलीय म्हटल्यावर तिला घेऊन गेले. वेळ साडेसहाची होती. सुरू झाली सात वाजून पाच मिनिटांनी, कारण माईकची वायर तरुणसंघातल्या कुणाच्या तरी पिशवीत राहिली होती. ठीक आहे, हे आम्हाला सवयीचं आहे.

सुरुवात मात्र छान झाली. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढला, जिथे राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. परंपरेप्रमाणे हे पत्र प्रेषित पौलाचं धरलं तर तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. म्हणजे ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो आपल्याला आवडलाच पाहिजे अशी अट नाही, असं ते म्हणाले आणि पुढच्या दोन बाकांवरची कुजबूज थांबली. मग टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाचं सांगितलं. साधारण इ. स. १९७ च्या सुमारास त्याने लिहून ठेवलंय की आम्ही ख्रिस्ती लोक बादशहासाठी दीर्घायुष्य मागतो, शूर सैन्य मागतो, आणि शांत जगही मागतो. त्या काळात त्याच बादशाहीत ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. हे मला ठाऊक नव्हतं.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. तिथले शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. लोकांना लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. पगाराचं वाक्य आलं तसे मागच्या बाकावरचे एक निवृत्त सैनिक आजोबा मोठ्याने हसले. पाळकसाहेबही हसले. इथवर पाचपैकी पाच.

मग पाहुणे वक्ते उठले. पस्तीस मिनिटं! प्रार्थना म्हणून डोळे मिटायला लावले आणि देवाला बातम्या सांगत बसले. कुठे काय झालं, कोण काय म्हणालं, आपण कसं उत्तर द्यायला हवं. देवाला हे माहीत नसेल का, असं आईने माझ्या कानात विचारलं. शेवटी तर त्यांनी समोरच्या देशाचं नामोनिशाण पुसून टाक अशी मागणी केली, तीही टाळ्यांच्या ठेक्यात. विसाव्या स्तोत्रात कुणी रथांचा आणि कुणी घोड्यांचा भरवसा धरतात, आपण मात्र देवाच्या नावाचा, असं आहे. त्या स्तोत्राचा उल्लेख करूनच ते पुढे दहा मिनिटं रथांबद्दलच बोलले.

पडद्यावरच्या चित्रांची तीच गत. मागे ढोल, पुढे लढाऊ विमानं. नंतर भावाला व्हिडिओ पाठवला तर त्याचा पहिला निरोप आला, ‘ताई, हे विमान आपल्याकडे नाहीये.’

दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. ही पद्धत ११ नोव्हेंबर १९१९ पासूनची, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या पहिल्या वर्षदिनापासूनची. आमची टिकली चाळीस सेकंद. किबोर्डवाल्या मुलाला शांतता सोसेना, त्याने हळूच सूर धरला आणि मग सगळेच खोकायला मोकळे झाले.

आता चिठ्ठ्या. दारातच प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला होता : घरातलं, ओळखीतलं कुणी सैन्यात असेल तर नाव लिहा. दानाच्या थैलीतूनच त्या गोळा केल्या. चर्चच्या पंचमंडळातल्या एका पंचांनी त्या वेदीपुढे उभं राहून वाचल्या. संगीत नाही, विशेषणं नाहीत. एक नाव, मग ‘प्रभू, सांभाळ’, मग पुढचं नाव. चष्मा कपाळावर, कागद नाकाजवळ. एखादं अक्षर लागलं नाही की ते कागद दिव्याकडे तिरपा धरायचे आणि आम्ही सगळे थांबायचो. मागचे आजोबा पहिल्या नावाला उठले ते शेवटच्या नावापर्यंत बसले नाहीत. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, डावा पाय थरथरत होता. त्यांच्या नातीने दोनदा ओढून पाहिलं.

आईने चिठ्ठीवर भावाचं कागदोपत्री नाव लिहिलंच नव्हतं. घरात हाक मारतो ते लिहिलं होतं, आणि ते काही चारचौघांत उच्चारण्यासारखं नाही. पंच अडखळले, चष्मा खाली घेतला, पुन्हा बघितलं आणि गंभीरपणे तसंच वाचलं. दोन पोरी फिसकन हसल्या. आई म्हणाली, ‘देव ह्याच नावाने ओळखतो त्याला. मी रोज हेच सांगते.’

शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांची, जेमतेम तीन मिनिटांची. जखमी, त्यांच्या बायका, सुट्टी रद्द झालेले, चुकीचा हुकूम मिळाला तर नाही म्हणायचं धैर्य. आणि मग, पाहुण्यांकडे न बघता, पलीकडच्या सैनिकांच्या आयांसाठी. वैऱ्यांवर प्रीती करा हे मत्तयात आम्ही लहानपणापासून पाठ केलंय, तरी तिथे ‘आमेन’ विरळ आला. आईचा आलाच नाही. माझा आला, पण हळू.

एक गंभीर तक्रार आहे. सभा मोबाईलवरून थेट दाखवली जात होती आणि हे आधी कुणी सांगितलं नाही. एका बाईंनी माईकवर मुलाची तुकडी आणि ठिकाण दोन्ही सांगून टाकलं. नावं घ्या, पण पोस्टिंग सांगू नका, एवढी सूचना दारात लावायला कितीसा वेळ लागतो? सभेनंतर जाऊन बोलले. व्हिडिओतला तेवढा भाग दुसऱ्या दिवशी काढला, हे त्यांचं चांगलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. जाणार असाल तर सातलाच पोचा, आणि चिठ्ठी घरूनच लिहून न्या. तिथली पेनं चालत नाहीत.