चिऱ्याचं खुराडं की मचाणावरचं?

पंधरा-वीस गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडायच्या आणि तिन्हीसांजेला कोंडायच्या, इथवर तुमचं ठरलेलं आहे असं धरून चालतो. पिल्लं कुठून आणायची, लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगावरची, लस कधी पाजायची, हेही विचारून झालं असेल. गाडी अडते ती खुराड्यापाशी. आमच्या दक्षिण कोकणात त्याचे दोन प्रकार दिसतात. एक, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं किंवा पत्रा आणि आत भाताचं तूस पसरलेलं. दुसरं, खांबांवर दोन-अडीच फूट उचललेलं, खाली पोफळीच्या रिपा मारलेलं मचाण. माझ्या परड्यात दोन्ही उभी आहेत, दोन्हींत कोंबड्या राहून गेल्यात. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही.

आधी चिऱ्याचं. राखणीच्या बाबतीत त्याला तोड नाही. जोता नीट भरलेला असेल तर कुत्रं उकरून आत शिरत नाही, भिंतीतून मुंगूस येत नाही. राहतं काय, तर दार आणि छपराखालची हवेची पट्टी. तिथे अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी घरांची स्वस्त जाळी मिळते ती कोंबड्यांना आत ठेवायला ठीक आहे, रानमांजराला बाहेर ठेवायला नाही. त्या जाळीची तार हाताने ओढली तरी वाकते.

मे महिन्यात चिऱ्याच्या आत गारवा असतो. वाळवीला खायला काही नसतं. आणि खुडूक कोंबडीला यासारखी जागा नाही: कोपऱ्यात तुसाचा खळगा केला की ती एकवीस दिवस हलत नाही, आणि पिल्लं फुटली की त्यांना घेऊन उंबऱ्यावरून थेट अंगणात. शिवाय कोंबडखत. तुसात मिसळून, कोंबड्यांनीच उकरून उकरून अर्धवट कुजवलेलं खत माडाच्या आळ्यात घातलं की फरक दिसतो. वर्षातले सात-आठ महिने मला कोणी विचारलं असतं तर मी हेच बांधा म्हटलं असतं.

उरलेल्या महिन्यांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. छप्पर गळत नसलं तरी खुराडं ओलं होतंच. जांभा सच्छिद्र दगड, तो खालून ओल ओढतो. कोंबड्या भिजल्या पिसांनी, चिखलाच्या पायांनी आत येतात. त्यात रात्रभराची विष्ठा झोपायच्या दांडीखाली एकाच जागी पडते. आषाढ लागला की तुसाची वडी थापल्यागत थर बनतो आणि तो फोडत बसावं लागतं. एक दिवसाआड फावडं घेऊन आत वाकायचं, थर उलटायचा, विरलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरायची. चुना टाकला की तूस जरा सुटं होतं खरं, पण त्या वेळी अमोनियाचा वास उलट जास्तच उठतो.

वासाचं म्हणाल तर तो आपल्या नाकापेक्षा कोंबडीला जास्त बाधतो, कारण तिचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर. पावसात सकाळी दार उघडल्याबरोबर गुडघ्यावर बसून त्या उंचीवर श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले तर तिला रात्रभर काय होत असेल ते कळेल. सर्दी, घरघर हे पुढचं. ओल्या, उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतूही जोमाने तयार होतात, आणि त्यात सगळ्यात आधी सापडतात ती महिना-दीड महिन्याची पिल्लं.

हे सगळं बदलून नवं कोरडं तूस टाकावं म्हटलं तर ते मिळत नाही. माझा कल मचाणाकडे वळला त्याचं खरं कारण हेच. आपल्याकडे भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दिवाळीनंतर गिरणीवर तुसाचे ढीग पडलेले असतात, घेऊन जा म्हणून मागे लागतात. जुलैत त्याच गिरणीवर गेलात तर कोपऱ्यात झाडून गोळा केलेलं गोणीभर मिळालं तरी नशीब. दिवाळीनंतरचं साठवून ठेवावं तर मांगरात (शेतावरच्या छपरीत) ठेवलेल्या गोण्या श्रावणापर्यंत दमट होतात, आत हात घातला की बुरशीचा वास येतो. बुरशी लागलेलं तूस खुराड्यात टाकणं म्हणजे छातीच्या आजाराला आमंत्रण. सॉ मिलमधला भुसाही त्या दिवसांत ओलाच. म्हणजे ज्या महिन्यांत तुसाची खरी गरज, नेमकं त्याच महिन्यांत ते नसतं, आणि ही कटकट दर पावसाळ्याला येते. कोंबड्यांच्या खाण्याची चिंता मला कधी पडली नाही इतकी तुसाची पडायची.

मचाणावर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे तूसच नसतं. रिपांमधली फट इंचाच्या जरा आत ठेवायची: विष्ठा खाली पडते, पाय अडकत नाही. खाली साठलेलं दर आठवड्याला फावड्याने ओढून काढायचं, वाकून आत शिरायचं नाही. जागाही कमी लागते. तुसावर मोठ्या कोंबडीला साधारण 2 चौरस फूट लागतात, म्हणजे वीस पक्ष्यांना 5 बाय 8. दिवसभर बाहेर राहणाऱ्या कोंबड्यांना नुसतं रात्री झोपायला मचाणावर 4 बाय 6 पुरतं. गावठी कोंबडीला उंचावर झोपणं मुळातच आवडतं. सोडली तर ती आंब्यावर चढते, त्यामुळे मचाणाची सवय लावायला फार खटपट करावी लागत नाही. फक्त अंड्यांच्या पेट्या झोपायच्या दांडीपेक्षा खाली हव्यात, नाहीतर पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

मचाणाचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. पहिला वाळवीचा. त्यावर लाकडी खांबांऐवजी सिमेंटचे किंवा जीआय पाइपचे खांब घालणं हाच उपाय, थोडा खर्च वाढतो. दुसरा वाऱ्याचा. आमच्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, ती बाजू फळ्यांनी पूर्ण बंद आणि छप्पर दोन फूट बाहेर काढलेलं हवं. ते नसेल तर ओल्या तुसाऐवजी ओल्या कोंबड्या मिळतात, एवढाच फरक. तिसरा, बांबूच्या पेरांत आणि फटींत दडून बसणारे, रात्री कोंबडीचं रक्त पिणारे बारीक लाल जीव. ते दिवसा दिसत नाहीत. सकाळी कोंबड्यांचे तुरे फिके दिसायला लागले, अंडी घटली तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू बघा. वर्षातून एकदा-दोनदा ज्योत फिरवणं आणि चुन्याचा हात देणं भाग आहे. बांबूपेक्षा रंधलेल्या रिपांमध्ये हे कमी होतात, असं माझं निरीक्षण.

वजनदार जाती पाळणार असाल तर मात्र थांबा. गिरिराज, वनराज या कोंबड्या गावठीसारख्या अंगाने हलक्या नसतात. उंचावरून रोज धपकन उडी मारल्या की तळव्याला गाठ येते, लंगडायला लागतात. त्यांच्यासाठी सावकाश उताराची फळी लावावी लागते, आणि ती फळी रात्री काढून ठेवायचं विसरून चालत नाही. पिल्लांचं तर मचाणावर कामच नाही, दीड महिन्यापर्यंत त्यांचे पाय फटीत जातात.

म्हणून मी चिऱ्याचं पाडलेलं नाही. खुडूक कोंबड्या आणि लहान पिल्लं तिथे, तीही शक्यतो दिवाळी ते मे. बाकी सगळी मंडळी बारमाही मचाणावर. पण तुम्हाला एकच बांधायचं असेल आणि तुमचं गाव घाटाखाली असेल, तर माझा कल मचाणाकडे आहे. खुडूक कोंबडी मांगरात डालग्याखालीही बसते. तिची सोय होते, पावसातल्या तुसाची होत नाही.

माणदेशात, जत-सांगोल्याकडे जिथे 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथलं गणित कदाचित उलटं असेल. तूस महिनोन्महिने कोरडं राहतं, उन्हाळ्यात जाड भिंतीची किंमत कळते, आणि उघड्या मचाणावर लागणाऱ्या झळांचा विचार करावा लागेल. तिकडचा कोणी पाहुणा मला मचाणाचं वेड लागलंय म्हणून हसला तर मी वाद घालणार नाही.

मचाण करायचं ठरलंच तर साहित्य थंडीतच जमवा. पोफळीच्या रिपा ओल्या मारल्या तर सुकताना आक्रसतात, फटी इंचाच्या वर जातात आणि मग सगळ्या पुन्हा ठोकत बसावं लागतं. फेब्रुवारी-मार्चभर सावलीत सुकवून एप्रिलात मारायच्या. बांबू वापरणार असाल तर माणगा घ्या, तो जवळपास भरीव असतो. खिळे गॅल्व्हनाइजचे, साधे खिळे आमच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे धड काढत नाहीत. आणि कोंबड्यांना मृगाच्या निदान पंधरा दिवस आधी वर चढवा, म्हणजे पहिला पाऊस येईपर्यंत कोण कुठल्या दांडीवर बसणार याची भांडणं मिटलेली असतात.