पहिलीसाठी शाळा निवडताना: पालिकेची, अनुदानित मराठी की फीवाली इंग्रजी?

मुंबईत मूल अडीच वर्षांचं झालं की लिफ्टमध्ये भेटणारा शेजारीही विचारतो, ‘कुठे घालणार?’ आणि आपण उत्तर देतो ते बोर्डाच्या नावाने. सीबीएसई, आयसीएसई, फार तर ‘स्टेटच, पण चांगली आहे.’ माझ्या मते पहिली ते चौथीपुरता बोर्ड हा सगळ्यात शेवटी बघायचा मुद्दा आहे. त्याआधी तीन गोष्टी बघा. शाळा घरापासून किती लांब आहे? संध्याकाळी मुलाजवळ अभ्यासाला कोण बसणार आणि ते माणूस कोणत्या भाषेत सहज बोलतं? आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेली तरी दहावीपर्यंतची फी निघेल का? याची खरी उत्तरं कागदावर लिहून काढलीत तर अर्ध्या शाळा आपोआप यादीतून उडतात.

अंतराचं आधी बोलू, कारण ते कुणी गंभीरपणे घेत नाही. नकाशावर पाच किलोमीटर दिसणारी शाळा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पलीकडे असेल तर पावसाळ्यात ती तासाभरावर जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तो चांगलाच आहे. पण दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना तो पाळणं जड जातं, म्हणून वेळ कागदावर वाचू नका, शाळा सुटताना गेटवर उभ्या असलेल्या पालकांना विचारा. व्हॅनवाला सहा मुलांना गोळा करत फिरतो आणि आपलं मूल पहिल्या थांब्यावरचं असेल तर त्याची झोप आणखी अर्धा तास कमी होते. शिवाय वर्गातला मित्र दुसऱ्या उपनगरात राहत असेल, तर संध्याकाळी खाली खेळायला तो येणार नाही.

पालिकेची शाळा

‘म्युनिसिपालिटीची शाळा’ म्हटलं की आजही घरात आजोबा नाक मुरडतात. पण 2020 नंतर चित्र बरंच बदललंय. महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव घेतलं. जोगेश्वरी पूर्वेच्या पूनम नगरात सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वूलन मिलमध्ये आयसीएसईची शाळा सुरू केली, पुढे सीबीएसईच्या आणखी शाळा निघाल्या. शिक्षण मोफत, वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, बूट, छत्री अशा 27 शालोपयोगी वस्तूही मोफत. याखेरीज पालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा आहेतच.

सीबीएसई शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. त्यामुळे ‘आमचं इथेच’ असं ठरवून बाकी फॉर्म न भरणं धोक्याचं. दुसरं, या शाळा अजून वाढताहेत. तुमच्या जवळची शाळा आज कितवीपर्यंत पोचली आहे आणि पुढचे वर्ग त्याच इमारतीत भरणार का, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा. तिसरा प्रश्न शिक्षकांचा: वर्गशिक्षिका कायम आहेत की कंत्राटी? वर्षाच्या मध्येच बाई बदलल्या की पहिलीतलं मूल गडबडतं, आणि त्या वेळी बोर्डाच्या नावाचा काही उपयोग होत नाही.

अनुदानित मराठी

इथे जरा थांबतो, कारण निर्णय सर्वांत जास्त अडतो तो इथेच. आपण स्वतः मराठी शाळेत शिकलेलो असतो, तिच्याबद्दल गहिवरून बोलतो आणि मुलाला घालतो इंग्रजीत. त्यावर टीका करायची नाही, पण तुलना तरी नीट करू.

अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, आठवीपर्यंत शिक्षण मोफत असतं, बालभारतीची पुस्तकं मिळतात, पोषण आहारही असतो. बालवर्गाला मात्र अनुदान नाही, त्यामुळे शिशुवर्ग आणि लहान-मोठ्या गटाची फी संस्था घेते. ‘अनुदानित म्हटलं होतं, मग फी कसली?’ हा पहिल्या सभेतला नेहमीचा वाद तिथून येतो. दादरचं बालमोहन (स्थापना 1940), हिंदू कॉलनीतली राजा शिवाजी, पार्ल्याचं टिळक विद्यालय (1921), गिरगावातलं चिकित्सक ही नावं सांगायची गरज नाही. पण एकाच संस्थेची मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही माध्यमं असतात. पार्ले टिळकच्या संस्थेची आयसीएसई शाळाही आहे. तेव्हा बघायचं ते त्या विशिष्ट माध्यमाचा प्राथमिक विभाग. संस्थेचा इतिहास आपल्या मुलाला शिकवायला वर्गात येत नाही.

मराठी शाळेच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा भावनेचा नाही. सहा वर्षांच्या मुलाला गणितातलं शाब्दिक उदाहरण आधी कळावं लागतं, मग सुटतं. घरात मराठी बोललं जात असेल तर ते मूल पहिल्या दिवसापासून वर्गात तोंड उघडतं, ‘बाई, मला नाही समजलं’ म्हणतं. इंग्रजी वर्गात तेच मूल सहा-आठ महिने गप्प बसलेलं मी पाहिलं आहे, आणि गप्प मुलाला पालकसभेत ‘शाय’ म्हणतात.

‘सेमी’चं काय? बऱ्याच मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून. जाहिरातीत ‘सेमी इंग्रजी’ लिहिलेलं असतं, पण खरी गंमत वर्गात कळते. एका वर्गात बाईंनी फळ्यावर इंग्रजीत ‘ॲड द फॉलोइंग’ लिहिलं, तोंडाने ‘पाच मिळवा तीन’ म्हटलं, मुलांनी बोटांवर मराठीत मोजून ‘एट!’ असं ओरडून सांगितलं. मला हे वाईट वाटत नाही. मूल दोन्ही भाषांत ये-जा करायला शिकतं. वाईट तेव्हा, जेव्हा बाईंनाच इंग्रजी अवघड जातं आणि सगळा विषय पाठांतरावर येतो. प्रवेशाआधी गणिताच्या एका तासाला मागे बसू द्या अशी विनंती करा. नाही म्हणाले तर तिसरीतल्या मुलाची वही बघायला मागा.

आता दुसरी बाजू. पट घसरतो आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची संख्या ठरवतं त्यात, पट कमी दिसला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, तुकडी बंद होते, दोन वर्ग एकत्र बसवले जातात. वर निवडणूक आली की बाई बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामावर. म्हणून मराठी शाळा बघताना एकच आकडा आधी विचारा: गेल्या तीन वर्षांत पहिलीचा पट किती? तो टिकून असेल तर बिनधास्त जा. दरवर्षी खाली येत असेल तर पाचवीपर्यंत ती तुकडी राहील का, याची मुख्याध्यापकांकडून स्पष्ट उत्तरं घ्या. आपल्या सोसायटीतली चार घरं ठरवून एकाच मराठी शाळेत गेली तर प्रश्न अर्धा सुटतो. असे ठरवून गेलेले पालक मुंबईत आहेत आणि त्यांची मुलं व्यवस्थित शिकताहेत.

फीवाली इंग्रजी

यात कॉन्व्हेंटपासून ‘इंटरनॅशनल’पर्यंत सगळं आलं आणि त्यांच्यातलं अंतर जमीन-अस्मानाचं आहे. जुन्या कॉन्व्हेंट शाळा बहुधा राज्य मंडळाच्या, शिस्तीच्या आणि नव्या खासगी शाळांच्या मानाने फी सोसवेल अशा. आयबी आणि केंब्रिजच्या शाळांची फी वर्षाला काही लाखांत जाते. ती ज्यांना परवडते त्यांना हा लेख लागणार नाही.

मधला गट म्हणजे सीबीएसई-आयसीएसईच्या खासगी शाळा. इथे सांगितलेली फी आणि लागणारे पैसे यात फरक असतो. ट्युशन फी, टर्म फी, ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, बस, आणि गणवेशाचे तीन प्रकार: रोजचा, पीटीचा, हाउसच्या रंगाचा टी-शर्ट. आमच्या ओळखीतल्या एका घरात जूनमध्ये हे सगळं एकत्र आलं आणि त्यांनी ठेव मोडली. 2011 च्या फी नियमन कायद्यानुसार फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. प्रवेश घेण्याआधी त्या समितीतल्या एखाद्या पालकाचा नंबर मिळवा. मागची फीवाढ कशी झाली हे तो दोन मिनिटांत सांगेल, ऑफिसातला माहिती देणारा माणूस सांगणार नाही.

बाजूचे मुद्दे खरे आहेत. आई-बाबा दोघंही इंग्रजीतून काम करतात, पुढेमागे बंगळुरू-पुण्याला बदली होऊ शकते, घरात इंग्रजी पुस्तकं वाचली जातात, अशा घरात मूल तिथे लवकर रुळतं. मराठीचं म्हणाल तर 2020 च्या कायद्यामुळे राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. आठवड्यातल्या मोजक्या तासांत किती येतं ते मात्र शेजारच्या घरातल्या चौथीच्या मुलाला दुकानाची पाटी वाचायला सांगून बघा.

राज्य मंडळाला ‘मागे पडेल’ म्हणून नाकारत असाल तर एवढं लक्षात घ्या की 2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे. आजच्या पुस्तकांची तुलना आपल्या काळातल्या पुस्तकांशी करून उपयोग नाही.

आरटीई

आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा. हा शाळेचा वेगळा प्रकार नाही, फीवाल्या शाळेत शिरण्याची एक वाट आहे. विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि दिव्यांग मुलांना ती लागू नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत, म्हणजे कॉन्व्हेंटसाठी ही वाट नाही. 2024 च्या फेब्रुवारीत जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल सरकारने केला होता. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

सोडतीत नाव लागलं तरी कागदांवर गाडी अडते. भाडेकरार नोंदणीकृत हवा, नोटरीचा चालत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवा. आणि ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी आली तर काय, हे आजच घरात बोलून ठेवलेलं बरं.

वय, मुलाखत आणि मान्यता

पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं आणि नर्सरीसाठी तीन वर्षं पूर्ण हवीत. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल नियमात बसतं, पण जूनमध्ये ते वर्गातलं सगळ्यात लहान असतं. माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर एक वर्ष थांबा. केंद्रीय विद्यालयाची तारीख वेगळी, 31 मार्च. तिथे प्राधान्य बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना असल्याने बहुतेकांनी त्यात वेळ घालवू नये.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला आणि देणगी घ्यायला मनाई आहे. चाळणीसाठी पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. शाळा त्याला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. एका शाळेत मॅडमनी केळं दाखवून रंग विचारला, मुलाने ‘पिवळा’ म्हटलं, आणि मॅडमनी आईकडे बघून विचारलं, ‘घरी इंग्रजी नाही बोलत का?’ अशा शाळेने प्रवेश दिला तरी नीट विचार करा.

शाळा नवी असेल तर यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) आणि मान्यतेचा कागद मागा. महापालिका अनधिकृत शाळांची यादी दरवर्षी जाहीर करते. तिच्यात इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत शाळाच जास्त असतात.

कुणी काय घ्यावं

घरात मराठी, आजी-आजोबा सोबत, चालत जाण्याच्या अंतरावर टिकून असलेल्या पटाची अनुदानित शाळा: मी दुसरीकडे बघणार नाही. इंग्रजी हवंच आहे पण फीचं ओझं झेपणार नाही: पालिकेची सीबीएसई, आणि सोडतीत नाव नाही लागलं तर हाताशी सेमी. बदलीची नोकरी: जवळची, मध्यम फीची सीबीएसई. दोन्ही पगार शाळेवरच खर्च होणार असतील तर ती शाळा कितीही नामांकित असो, घेऊ नका.

आणि निवड चुकली असं वाटलंच, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 नुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत मुलाला वर्षाच्या मध्येही बदलून घेता येतं. दाखला ताबडतोब देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच ऑफिसातून निघा.