अंगकोरचा सात दिवसांचा पास : किंमत आणि मोल

कंबोडियातील अंगकोरची मंदिरे पाहण्यासाठी परदेशी पर्यटकाला पास काढावा लागतो. एका दिवसाचा पास ३७ डॉलरांना, तीन दिवसांचा ६२ डॉलरांना आणि सात दिवसांचा ७२ डॉलरांना मिळतो. हे दर २०१७ पासूनचे आहेत. वेरूळ-अजिंठ्याला ४० रुपयांत आत जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे आकडे डोळ्यांवर येतात. मात्र वेरूळला परदेशी पाहुण्याकडून ६०० रुपये घेतले जातात आणि अंगकोरला कंबोडियाच्या नागरिकांना मोफत प्रवेश आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. प्रत्येक पासमधले २ डॉलर कांथा बोफा या बालरुग्णालयांना जातात, त्यामुळे निदान तेवढी रक्कम तरी मी आनंदाने दिली.

काही महिन्यांच्या सावकाश प्रवासाला निघालेल्यांनी सात दिवसांचाच पास घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तीन दिवसांच्या पासपेक्षा तो १० डॉलरांनीच महाग आहे, आणि त्याचे सात दिवस सलग वापरण्याचे बंधन नाही. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत संपवावा लागतो, तर सात दिवसांचा महिनाभर चालतो. कंबोडियाचा पर्यटक व्हिसाही महिन्याचाच असल्याने दोन्हींचा मेळ चांगला बसतो. अंगकोरलगतच्या सियाम रीप शहरात दुपारचे ऊन आणि दमट हवा अशी असते की सकाळी चार तास दगडी पायऱ्या चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावीशी वाटते, पावसाळ्यात तर अख्खी दुपार वाया जाऊ शकते; अशा वेळी पासचा दिवस फुकट जातो आहे ही टोचणी मागे नसणे फार मोलाचे आहे.

एका दिवसाच्या पासवर आलेले लोक अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही तीन मंदिरे धावत पाहतात आणि त्या घाईत अंगकोर वाटच्या भित्तिशिल्पांचे दालन हमखास निसटते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे मूळचे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. पश्चिमेकडून आत शिरून उजवीकडे वळले की कुरुक्षेत्राचे युद्ध सुरू होते : डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि त्या गर्दीत शरशय्येवर पडलेले भीष्म. कोपऱ्यातल्या मंडपात गोवर्धन उचलणारा कृष्ण आणि वालीचा वध आहे. दक्षिणेच्या दालनात छत्रांखाली निघालेली राजाची मिरवणूक संपली की रेड्यावर बसलेला यम आणि त्याचा चित्रगुप्त स्वर्ग-नरकाचा निवाडा करताना दिसतात. पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे, ज्यात वासुकीच्या तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव आणि मधोमध विष्णू आहे. लहानपणापासून कीर्तनात आणि आजीच्या तोंडून या कथा ऐकलेल्या मराठी माणसाला ही भिंत वाटाड्याशिवाय वाचता येते. मात्र त्यासाठी सकाळ मोकळी हवी आणि उद्या पुन्हा येता येईल याची खात्री हवी. मी याच दालनासाठी पुन्हा पुन्हा गेलो आणि प्रत्येक वेळी आधी न दिसलेले काही दिसले.

मुख्य मंदिरांपासून सुमारे २५ किलोमीटरवरचे बांते स्रेई याच पासमध्ये येते. इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे गुलाबी वालुकाश्माचे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या दरबारी विद्वानाने बांधवले. त्याच्या एका कमानपटावर कैलास हलवणारा रावण आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण खोल अंधारात, पर्वताच्या भाराखाली धडपडताना दिसतो. इथे हाच प्रसंग थोडक्या जागेत, पायऱ्यापायऱ्यांच्या पर्वतावर घाबरलेल्या प्राण्यांसह कोरला आहे, आणि दोन्हीकडे पार्वती भयाने शिवाला बिलगली आहे. दोन्ही शिल्पे पाहिलेल्या माणसाला इथून लवकर हलवत नाही. पुढे क्बाल स्पियानला जंगलातून दीड किलोमीटर चढून गेल्यावर नदीच्या पात्रातच कोरलेली शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू दिसतो. पाण्यासह ते पाहायचे असेल तर पावसाळा किंवा त्यानंतरचे काही आठवडे निवडावेत.

ता प्रोमला झाडांच्या मुळांभोवती छायाचित्रांसाठी कायम गर्दी असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे वर्षानुवर्षे जे जतनाचे काम केले आहे, तेही थांबून पाहण्याजोगे आहे. अंगकोर वाटचा सूर्योदय पाहायला पहाटे तळ्याकाठी इतके लोक जमतात की शांतता मिळत नाही; तीच वेळ स्राह स्रांग या जुन्या तलावाच्या काठावर घालवणे मला अधिक आवडले.

उणीव सांगायची तर माहितीफलकांची. शिल्पपटांसमोर आहे तो मजकूर इतका त्रोटक आहे की बायोनसारख्या ठिकाणी, जिथे पुराणकथा फारशा मदतीला येत नाहीत, तिथे जाणकार वाटाड्या घेणे भाग पडते, आणि तो खर्च वेगळा. पास मंदिरांच्या दारात मिळत नाही. शहराबाहेरच्या तिकीट केंद्रावर स्वतः जावे लागते, कारण पासवर छायाचित्र छापले जाते, किंवा तो ऑनलाइन काढावा लागतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून धरला जातो आणि त्या संध्याकाळी सूर्यास्तापुरता प्रवेशही मिळतो. रोख देणार असाल तर कोरे करकरीत डॉलर न्यावेत, कारण फाटकी नोट या देशात सहसा कोणी घेत नाही. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर सोडत नाहीत, आणि बौद्ध पर्वदिनी तो मजला बंद असतो. कोह केर आणि नोम कुलेन या दोन ठिकाणांना हा पास चालत नाही. तिथली तिकिटे वेगळी काढावी लागतात.