नाशिकच्या थंडीत घराला विजेची ऊब : ऑइल हीटर, ब्लोअर की गरम-थंड एसी?

नाशिकची थंडी फार लांबत नाही, पण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे ती चांगलीच बोचते, आणि निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याची बातमी कित्येक हिवाळ्यांत वाचायला मिळते. घरात वयस्कर माणूस किंवा तान्हे बाळ असेल, तर खोली उबदार ठेवणे हा हौसेचा भाग उरत नाही. माझ्या आईला संधिवात आहे. तिच्या खोलीसाठी आम्ही दोन हिवाळ्यांत हे तिन्ही पर्याय वापरले, त्यामुळे पुढील तुलना अनुभवावरही उभी आहे.

अमेरिका-कॅनडात अनेक घरांत तळघरात विजेची भट्टी बसवून पत्र्याच्या नळांतून घरभर गरम हवा खेळवतात. तिच्या कॉइल मिळून साधारण १० ते २० किलोवॅट वीज घेतात. आपल्याकडच्या सिंगल फेज घराचा मंजूर भार याच्या जवळपासही नसतो आणि थंडीही तेवढी नसते, म्हणून आपला प्रश्न एका खोलीपुरताच आहे.

यंत्र निवडण्याआधी भिंतीतली वायर पाहावी, असे माझे ठाम मत आहे. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. तो पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही लावू नये. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि खरोखर चालणारे अर्थिंग हवे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये अजून कुठे कुठे ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिथे आधी वायरमनकडून नवी लाइन ओढून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात प्लगची पिन तापून सॉकेट काळे पडले होते. दोष हीटरचा नव्हता, सैल पॉइंटचा होता.

ब्लोअर सर्वांत स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत ऊब देतो, मात्र बंद केला की खोली तितक्याच लवकर गार होते. त्याचा आवाज झोपमोड करतो आणि थेट अंगावर येणाऱ्या झोताने घसा कोरडा पडतो. आंघोळीनंतर कपडे घालेपर्यंत किंवा सकाळी तासभर बसण्यापुरता तो उत्तम आहे. लाल दिसणाऱ्या रॉडचा हीटर समोर बसलेल्यालाच शेकतो, आणि गोधडीचे टोक त्याच्याजवळ गेले तर धोका आहे, म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी मी तो विचारातच घेतला नाही.

ऑइल हीटरमधले तेल जळत नाही. ते बंद पत्र्यांत फिरून उष्णता साठवते. तापायला अर्धा तास लागतो, पण नंतर खोली शांतपणे उबदार राहते. दहा बाय बाराच्या खोलीला ९ फिनचा (म्हणजे नऊ उभ्या पत्र्यांचा), २,००० वॅटचा हीटर पुरतो. तो खिडकीखाली ठेवावा, पडदा आणि अंथरूण तीन फूट दूर असावे, आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारे बटण, लावण्याची पद्धत अशी: बटण पूर्ण फिरवून खोली हवी तेवढी तापू द्यावी, मग 'टिक' असा आवाज येईपर्यंत ते हळूहळू मागे आणावे आणि तिथेच सोडावे. त्यापुढे हीटर आपोआप चालू-बंद होत राहतो.

खर्चात मात्र एसी पुढे जातो, आणि हे बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. ब्लोअर असो वा ऑइल हीटर, एका युनिटातून एका युनिटाचीच उष्णता मिळते. गरम-थंड एसी मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे नाशिकच्या थंडीत एका युनिटामागे साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. रात्रभरात ऑइल हीटर ८ युनिट जाळत असेल, तर महिन्याचे २४० होतात. तीच ऊब एसी सुमारे ८० युनिटांत देतो. घराचा नेहमीचा वापर १५० युनिट धरला, तर पहिल्या हिशेबात बिल महावितरणच्या ३०० युनिटांपुढच्या महाग टप्प्यात जाते, दुसऱ्यात जात नाही.

तरी एसी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. रिमोटवर सूर्याचे चिन्ह असणे पुरेसे नाही, कारण एकच रिमोट अनेक मॉडेलना दिला जातो. यंत्राच्या लेबलवर गरम करण्याची क्षमता वेगळी छापलेली असली पाहिजे. दुसरे म्हणजे, गरम करताना पाणी बाहेरच्या युनिटमधून ठिबकते. त्याला नळी जोडली नाही, तर ते खालच्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत पडते. तापमान २१-२२ अंशांवर ठेवावे आणि झोत खाली वळवावा, नाहीतर गरम हवा छतालाच राहते.

एसी जुना झाल्यामुळे यंदा नवा घ्यायचाच असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून गरम-थंडच घ्यावा. केवळ महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी नवा एसी घेणे मात्र मला पटत नाही. तिथे ऑइल हीटरच योग्य आहे. भाड्याच्या घरातही तोच बरा, कारण घर बदलताना सोबत नेता येतो. आईच्या खोलीत आता तोच आहे. रात्री दहाला लावतो, ती झोपली की बंद करतो आणि पहाटे चारला टायमरने पुन्हा सुरू होतो, कारण खरी थंडी त्याच वेळी पडते.