दहा गुंठ्यांवर रान: मियावाकी, विरळ लागवड की नुसती राखण?

सोसायटीच्या मागे, शाळेच्या आवारात किंवा टेकडीच्या उतारावर दहा-वीस गुंठे मोकळी जागा आहे, थोडा निधी जमलाय आणि तिथे रान उभं करायचं ठरतंय. बैठकीत लगेच दोन तट पडतात. एकाला मियावाकी, म्हणजे थोड्या जागेत स्थानिक झाडांची अगदी दाट लागवड, हवं असतं, तर दुसऱ्याला नेहमीसारखे अंतर ठेवून खड्डे, म्हणजे विरळ लागवड. तिसरा पर्याय कुणी मांडतच नाही: काहीही न लावता जागा नीट राखायची. माझं मत आधीच सांगतो. जमीन आणि पाऊस बघितल्याशिवाय पद्धत ठरवू नका. एका जागी उत्तम ठरलेली पद्धत दुसऱ्या जागी नुकसान करते.

आधी हिशेब मांडू. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. मियावाकीत चौरस मीटरला तीन रोपं धरली, तर तीन हजार रोपं लागतात. विरळ, म्हणजे तीन बाय तीन मीटरवर लावली तर १११. पाण्याचंही तसंच. रोपामागे पाच लिटर धरले तरी मियावाकीच्या एका पाळीला १५,००० लिटर पाणी लागतं. विरळ लागवडीत रोपाला दहा लिटर दिले, तरी ११०० लिटरच्या आसपास भागतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या उपनगरात हा फरक पहिल्याच मार्चमध्ये अंगावर येतो. शिवाय मियावाकीसाठी मीटरभर खोल खणून माती भुसभुशीत करायची, शेणखत आणि भाताचं तूस मिसळायचं, वर पेंढ्याचं जाड आच्छादन घालायचं आणि दोन-तीन वर्षं पाणी व खुरपणी चालू ठेवायची. म्हणजे रोपांइतकाच मातीसाठीही खर्च धरायला हवा.

अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांनी सत्तरच्या दशकात जपानमध्ये कारखान्यांच्या आवारांत अशी दाट वनं उभी केली. त्यांना दिशा मिळाली ती देवस्थानांभोवती पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जुन्या झाडीतून, म्हणजे आपल्याकडच्या देवरायांसारख्याच जागांतून. माणसाचा हात लागला नसता तर इथे कोणतं रान असतं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आपल्याकडे नेमका तोच प्रश्न गाळला जातो. कंत्राटदार मुंबईला आणि सोलापूरला रोपांची एकच यादी देत असेल, तर ती रोपवाटिकेत शिल्लक असलेल्या मालाची यादी आहे असं समजा आणि नकार द्या.

चार-पाच वर्षांचं मियावाकी बाहेरून हिरव्या भिंतीसारखं दिसतं. फांद्या बाजूला करून आत बघा. उजेडासाठी चढाओढ करत सरळ वर गेलेली बारीक खोडं दिसतात, पानं फक्त शेंड्याला, आणि मध्ये मेलेल्या काटक्या. पळस, बाभूळ, काटेसावर यांना भरपूर ऊन लागतं, त्यामुळे ती सावलीत मागे पडतात. रोपांची अशी मर या पद्धतीत गृहीतच असते. म्हणून अहवालात ‘तीन हजार झाडं लावली’ असं लिहिलेलं मला पटत नाही. लावली ती रोपं. त्यातली झाडं किती झाली हे पुढे मोजायचं असतं.

तरीही मियावाकीची जागा ठरलेली आहे आणि तिथे ते खरोखर कामाला येतं. मुंबई, ठाणे, कोकणातल्या भरपूर पावसात, राडारोडा टाकून भरलेल्या, जुनी माती उरलेलीच नाही अशा अरुंद तुकड्यांवर ते झपाट्याने वाढतं. मुंबई महापालिकेने २०२० पासून अशी वनं करायला घेतली. वडाळ्याच्या भक्ती पार्कातलं वन त्यातलंच. रस्त्यालगत धूळ अडवायला आणि बुलबुल, शिंपी अशा छोट्या पक्ष्यांना लपायला इतकी दाट झाडी दुसऱ्या पद्धतीने लवकर मिळत नाही. मात्र तिथे बसता येत नाही, फिरता येत नाही.

माणसांनी वावरायचं असेल तर विरळ लागवड करा. पुण्यात वारज्याला १६.८ हेक्टर ओसाड वनजमिनीवर लोकसहभागातून वन उभं राहिलं आणि केंद्राने जून २०२० मध्ये शहरांत वनं उभारण्याची नगर वन योजना जाहीर करताना तेच उदाहरण पुढे ठेवलं. विरळ लागवडीची खरी परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात होते. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरलेला असतो, आळी बुजलेली असतात, शेळ्या शिरतात. त्यामुळे नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, रोपं आणि पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

आता टेकड्या. इथे मला सगळ्यात कळकळीने बोलायचंय. पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीसारख्या उतारावर बेसॉल्टच्या काळ्या कातळावर मातीचा पातळ थर असतो. त्यावर कुसळी-पवन्याचं गवत आणि मधून मधून साळई, मोई, मेडशिंगी, गणेर. सरकारी नोंदींत असे माळ बऱ्याचदा पडीक म्हणून गेले. पण हे मोडलेलं जंगल नाही. कमी पावसाच्या या पठाराचं ते स्वतःचं रूप आहे, आणि चंडोल पक्षी याच उघड्या गवतात जमिनीवर घरटं करतो. तिथे यंत्राने चर खणले की शतकांत साठलेली माती एका पावसात वाहून जाते. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची लागवड झाली. ते जगलं, माजलं आणि त्याच्या दाटीत गवत मागे हटलं.

अशा जागी राखणच करा. होळीच्या आत जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या, चराई थांबवायची, घाणेरी आणि सुबाभूळ ही माजणारी परदेशी झाडं मुळासकट उपटायची. वणव्यात काळ्या पडलेल्या पळसाच्या बुंध्याशी वाकून बघा, पाऊस यायच्या आधीच मऊ तांबूस धुमारे आलेले असतात. मुळं जुनी आणि खोल असल्याने त्यांना टँकर लागत नाही. अडचण एकच: यात वृक्षारोपणाचा समारंभ होत नाही, फोटोही निघत नाही. खर्च राखणदाराच्या पगाराचा आणि कुंपणाचा, तोही वर्षानुवर्षांचा. देणगीदाराला हे समजावणं सगळ्यात अवघड जातं.

सोसायटीच्या सपाट जागेत मी मिश्र आराखडा घेईन: रस्त्याकडेला चार-पाच मीटर रुंदीचा दाट पट्टा, आत विरळ झाडं आणि पायवाट. कुंपणाची भिंत आणि विजेच्या तारांपासून मोठी झाडं लांब ठेवा. वाढलेलं झाड तोडायचं तर शहरांतली झाडं जपण्यासाठीच्या १९७५च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कंत्राट दिलंच, तर सगळे पैसे लागवडीला देऊ नका. शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जिवंत झाडं जातवार मोजूनच द्यायचा, असं करारात लिहून घ्या.