शाळेतील मनोचाचणी: एसडीक्यू की पीएससी-१७?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पालकांची मुले ज्या शाळेत शिकतात, तिथे मुलांच्या मानसिक अडचणी चाचपणाऱ्या प्रश्नावलीची उत्तरे कोणाकडून घ्यायची हाच पहिला प्रश्न असतो. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या एसडीक्यूतील (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर, म्हणजे मुलाच्या जमेच्या बाजू व अडचणींची प्रश्नावली) २५ विधाने पालक, शिक्षक आणि ११ ते १७ वर्षांचे मूल स्वतः, अशा तिघांकडून स्वतंत्रपणे भरून घेता येतात; त्यामुळे घरी शांत पण वर्गात अस्वस्थ असलेले मूल सहसा नजरेतून सुटत नाही. त्यातील पाच विधाने मुलाच्या मदत करण्याच्या, वाटून घेण्याच्या वृत्तीविषयी आहेत आणि ती अडचणींच्या ४० गुणांत धरली जात नाहीत. पालकांपुढे केवळ दोषांची यादी ठेवणे मला क्लेशकारक वाटते, म्हणून हा भाग मोलाचा.

पीएससी-१७ (पेडिअ‍ॅट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट, म्हणजे मुलांमधील लक्षणांची यादी) ही ३५ विधानांच्या मूळ यादीची १७ विधानांची लघुआवृत्ती. १५ किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी सुचवतात. बालरोगतज्ज्ञांच्या गर्दीच्या ओपीडीत ती अधिक सोयीची.

शाळेसाठी मी एसडीक्यू निवडेन, मात्र अधिकृत भाषांतरातील शब्द न बदलता, आणि गुण जास्त आलेल्या मुलाला कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवायचे हे आधी ठरवूनच, कारण दोन्ही प्रश्नावल्या निदान करत नाहीत.