घोडियू, पाळणा की आईची कूस? बडोद्यात बाळाला रात्री कुठे निजवावं

बडोद्यातल्या मराठी घरात बाळ यायचं म्हटलं की घोडियूचा विषय निघतोच. शेजारच्या गुजराती काकी माळ्यावरचं घोडियू द्यायला तयार असतात, माहेरचे संखेड्याचा पाळणा घ्यायचा म्हणतात आणि आजीच्या मते बाळ आईच्या कुशीतच हवं. या सगळ्यात माया आहे, पण रात्रीची जागा नुसत्या मायेने ठरवू नका. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात.

घोडियू म्हणजे चौकटीला टांगलेली कापडी झोळी. दोरी ओढली की रडणारं बाळ शांत होतं, घरातल्या कामांना हात मोकळे राहतात, चौकट घडी होते. तरीही रात्रीसाठी मी ते सुचवणार नाही. झोळीत पाठ वाकते. तान्ह्याचं डोकं जड आणि मान कच्ची, त्यामुळे हनुवटी छातीला टेकते आणि मुळातच अरुंद असलेली श्वासनलिका दबते. बाहेरून मात्र बाळ गाढ झोपल्यासारखंच दिसतं. कापडाची कड तोंडावर आली तर ती बाजूला सारण्याची ताकद त्याच्या हातात नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे झोपायची जागा सपाट आणि टणक हवी. 10 अंशांपेक्षा जास्त उतार धोक्याचा. घोडियू वापरायचंच असेल तर दिवसा, कुणीतरी जागं समोर बसलेलं असताना वापरा आणि डोळा लागला की बाळाला उचलून सपाट जागी ठेवा. बाळ कुशीवर वळू लागलं की तेही बंद. मोटारीवर हलणाऱ्या घोडियूची मला जास्त धास्ती वाटते, कारण ते हलत राहतं आणि जवळ कुणीच नसतं.

संखेड्याचा लाखकामाचा पाळणा देखणा असतो, पण घेताना रंगाआधी तळ बघा. तळ सपाट हवा, गादी पातळ, घट्ट आणि मापाची. गादी आणि कठड्यामध्ये फट नको. दोन दांड्यांमधलं अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. झोका पक्का अडकवून ठेवण्याची सोय नसेल तर तो पाळणा रात्रीसाठी घेऊ नका. बारशाला हवा तसा सजवा. रात्री मात्र उशी, लोड, दुपटी, खेळणी सगळं बाहेर.

आईच्या कुशीबद्दल आजीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर असावं. पण एकाच अंथरुणात मऊ गादी, गोधडी आणि मोठ्यांचं अंग हे सगळं त्याच्या श्वासाच्या आड येऊ शकतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, घरात कुणी धूम्रपान करत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, तर धोका फार वाढतो. आणि सोफ्यावर दूध पाजता पाजता डोळा लागणं हे सगळ्यांत वाईट.

म्हणून दांडियाबाजारातल्या जुन्या घरातली छोटी खोली असो की नवा फ्लॅट, माझं मत एकच: तळ तपासलेला पाळणा आईच्या पलंगाशेजारी. तो परवडत नसेल किंवा जागा नसेल, तर आईने खाली झोपावं आणि शेजारी बाळाची वेगळी पातळ, टणक गादी घालावी. याला खर्च जवळजवळ नाही.

जागा कुठलीही असो, बाळ उताणंच निजवायचं, दुपारीसुद्धा. ‘उताणं झोपलं तर ठसका लागेल’ ही भीती घरोघरी ऐकू येते. खरं तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहज उतरत नाही. पालथं निजवलं की हे उलटं होतं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही नको. त्याऐवजी बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं ठेवा. मानही बळकट होते.

बडोद्याच्या मे महिन्यात टोपडं आणि दुपट्याची घट्ट गुंडाळी झोपेत काढून ठेवा. अंगात सुती झबलं, पंखा चालू. मान किंवा छाती घामेजली असेल तर बाळाला उकडतंय. मच्छरदाणी हवीच, पण ताणून बांधलेली. छत्रीसारख्या उघडणाऱ्या जाळीसोबत मिळणारी मऊ गादी आणि उशी काढून टाका आणि नुसती जाळी वापरा.